भांडं पास झालं नाही

वासूमामांना पाणी दिलं की ते आधी तांब्याला नाक लावायचे. पाणी प्यायचं की नाही, ते नंतर. नाक तांब्याच्या काठावरून एकदा डावीकडून उजवीकडे जायचं, मग डोळे मिटायचे, आणि पाणी देणारी बाई आपल्या हातून काय चुकलं या विचारात तिथंच उभी राहायची. माझ्या थोरल्या बहिणीचं स्थळ बघायला आम्ही गेलो, तेव्हा त्या घरच्यांनी हौसेनं कोकमचं सरबत आणलं. मामांनी पेल्याऐवजी मध्ये ठेवलेल्या सरबताच्या जगलाच नाक लावलं आणि भर बैठकीत विचारलं, "ह्यात आधी ताक व्हतं का?" ताक होतं. होणारी सासू लाल झाली. स्थळ मोडलं नाही, पण लग्नात मामांना जेवायला नवं कोरं ताट दिलं गेलं, मुद्दाम स्टिकरसकट. मामांनी स्टिकरचाही वास घेतला.

त्यांचं खरं नाव दत्तात्रय. वासू म्हणजे वासुदेव असणार असं समजून नव्या सुना त्यांना वासुदेवमामा म्हणायच्या आणि जुन्या सुना पदर तोंडाला लावून हसायच्या. हा वासू वास घेण्यातून आला होता. शिरूरकडच्या एका कारखान्यात, जिथं सॉस आणि सरबतं बाटलीत भरतात, तिथं मामा आयुष्यभर क्वालिटीला होते. आमच्या गावातून कंपनीची बस भीमेवरचा पूल ओलांडून जायची. बसमधले बाकीचे लोक झोपायचे. मामा बसच्या सीटचा वास घेऊन जागा बदलायचे.

कारखान्यातून ते घरी आले, पण कारखाना त्यांच्यातून गेला नाही. तिथं मालावर तीनच शिक्के मारत: ओके, रिजेक्ट आणि होल्ड. मामांनी हे तीन शिक्के सगळ्या जगाला लावले. धाकट्या जावयाला त्यांनी वर्षानुवर्षं होल्डवर ठेवलं होतं. माझे वडील दौंडला रेल्वेत होते, युनियनची पत्रकं काढायचे, आणि मी अक्षरं शिकले तीही त्याच पत्रकांवर. त्यांनी एकदा खवचटपणे विचारलं, "देवाचं काय हो, मेव्हणे?" मामा म्हणाले, "होल्ड. कागदपत्रं आली न्हाईत अजून."

मामी मात्र कुणालाही होल्डवर ठेवत नसे. ती गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष. आमच्याकडे दारूचं दुकान राहावं की जावं यावर बायका मतदान करू शकतात. मतपत्रिकेवर एक बाटली उभी असते आणि एक आडवी. आडवीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. मामीनं घरोघर जाऊन, उसाच्या फडात जाऊन, दूध घालायला आलेल्या बायकांना डेअरीच्या दारात गाठून बाटली आडवी केली. ते दुकान सरपंचांच्या चुलतभावाचं होतं, त्यामुळे सरपंच तिला बघितलं की उन्हाकडे बघितल्यासारखे डोळे बारीक करायचे. त्या मोहिमेची सगळी पत्रकं मी लिहिली. मला वाटायचं, दुकान माझ्या विशेषणांनी बंद पडलं. पत्रकं भिंतीला चिकटवायचं काम मामांकडे होतं. ते त्यांनी मनापासून केलं. फक्त खळीचा डबा आधी रंगाचा होता आणि त्यानं कागद पिवळा पडेल, एवढी तक्रार केली. कागद पिवळा पडला.

आणि हाच माणूस बिअर करणार होता.

मला ते कळलं ते मामांच्या रानातल्या मोटरीच्या खोलीत. मी पाणी सुटलंय का बघायला गेले, तर आत फळीवर भांडी ओळीनं मांडलेली, प्रत्येकाला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर मामांच्या रेखीव अक्षरात शेरा. कोपऱ्यात माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, शिवलेलं पोतं, त्याची शिवण न उसवलेली. मामा चोरी पकडल्यासारखे दचकले नाहीत. उलट तपासणीला साहेब आल्यासारखे एकेक भांडं दाखवू लागले.

झालं होतं असं. त्यांच्या एका जोडीदाराच्या निवृत्तीचं जेवण पुण्यात अशा ठिकाणी होतं, जिथं बिअर तिथंच बनवतात आणि गिऱ्हाइकांना काचेतून चकचकीत टाक्या दिसतात. मामांपुढे ग्लास आला. त्यांनी वास घेतला आणि वेटरला विचारलं, ही टाकी आतून कशी धुता? वेटरला सांगता येईना. मॅनेजरला बोलावलं, त्यालाही येईना. मामांनी ग्लास न पिता परत केला आणि ठरवलं की ही वस्तू नीट भांड्यात करता येते की नाही ते आपणच बघायचं. प्यायची त्यांना इच्छा नव्हती. ते आयुष्यात प्यायले नव्हते. त्यांना फक्त बॅच पास करायची होती.

मी तेव्हा तत्त्वांनी पेटलेली होते. आजही आहे, पण तेव्हा धूर जास्त होता. मी त्यांना दुटप्पी म्हटलं, मामीच्या पाठीत सुरा म्हटलं, आणि बेकायदेशीर म्हटलं ते शेवटी, कारण कायद्याचं मला फार वाटत नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं. परवान्याचा अर्ज भांडं पास झाल्यावर करू, भांडंच नसेल तर परवाना कशात ठेवायचा, असं काहीतरी म्हणाले आणि मला पहिल्या भांड्यापाशी नेलं.

पहिला होता माठ. रिजेक्ट. मातीच्या अंगात बारीक भोकं असतात, त्यात काय काय वस्तीला राहतं ते घासून निघत नाही. मग पितळी हंडा. रिजेक्ट. कल्हई उडालेली, आणि बिअर आंबट. आंबट पदार्थ पितळेला खातो आणि पितळ पिणाऱ्याला. ॲल्युमिनियमचा डबा, तोही आंबटानं चरतो. लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी मामांच्या आईची होती, तिच्यावर त्यांचा जीव होता. पण जुन्या बरण्यांच्या चकाकीत शिसं असू शकतं, असलं तर ते डोळ्यांना दिसत नाही. शिवाय झाकण घट्ट बसलं तर आत धरलेला वायू बरणी फोडतो. आईच्या बरणीला त्यांनी रिजेक्ट लिहिलं नाही. पुठ्ठा कोराच बांधला होता. एवढी एकच मेहेरबानी मी त्यांच्याकडून पाहिली.

राहिला ड्रम. निळा, प्लास्टिकचा, जो आमच्याकडे प्रत्येक घरात, गोठ्यात आणि बांधकामावर असतो. त्यासाठी मामांनी मला स्कूटरवर मागे बसवून हायवेचे सगळे भंगारवाले पालथे घातले, पार कोरेगाव भीमापर्यंत. मी का गेले? मामीला सांगायचं नाही असं वचन मी देऊन बसले होते आणि वचन मोडणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. तत्त्वांचं असं असतं, हवं ते त्यात बसवता येतं.

प्रत्येक दुकानात मामा ड्रम उलटा करायचे. बुडाला तीन बाणांचा त्रिकोण असतो आणि त्यात एक आकडा. दोन आकडा असला की ते खूश व्हायचे, कारण त्या जातीचं प्लास्टिक खाण्यापिण्याच्या वस्तूंना चालतं. मग ते दुकानदाराला त्यांच्या कारखान्यातल्या हिंदीत विचारायचे, "दो नंबर का और है क्या?" एक उत्तरेकडचा बिचारा दुकानदार कानाला हात लावून म्हणाला, "चाचा, कसम से, दो नंबर का धंदा नहीं करते. एक नंबर माल है." मामांनी त्याला बराच वेळ समजावलं. त्यानं शेवटी शटर अर्धं ओढलं.

पण नुसता आकडा मामांना पुरायचा नाही. दुसरा प्रश्न असायचा: यात आधी काय होतं? उत्तर सगळीकडे एकच, धुतलेलाय. सर्फ टाकून धुतलाय, सोडा टाकून धुतलाय, दोनदा धुतलाय. "मी धुतला का इचारलं न्हाई," मामा म्हणायचे, "ह्याचं पूर्वायुष्य इचारतोय." मग एखादा ड्रम घरी आणून त्यात गरम पाणी भरायचं, झाकण लावायचं, दोन दिवस उन्हात ठेवायचं आणि झाकण उघडून नाक लावायचं. धुतलेल्या ड्रमातून दोन दिवसांनी जे वर यायचं, त्यानं माझे डोळे चुरचुरले होते. प्लास्टिक चांगलं, पण ते पितं. आधी जे भरलं ते अंगात मुरवून घेतं आणि नंतरच्या पाण्याला थोडं थोडं परत देतं. असे सहा महिने गेले. शेवटी शिरूरच्या बाजारातून स्टीलची दुधाची कॅन आणली. ती जवळजवळ पास झाली, पण आतल्या जोडावर बोट फिरवून मामा म्हणाले, इथं खरखरीत हाय, घाण धरंल. होल्ड. माल्टचं पोतं शिवलेलंच राहिलं.

त्याच सुमारास सरपंचांनी योजना काढली, घर तिथं ड्रम. गावाला पाणी एक दिवसाआड, निवडणूक तोंडावर, आणि कुठल्याशा कारखान्यातून ड्रम फुकट मिळालेले. ट्रॅक्टरनं ते घरोघर पोचवले. मामांच्याही दारात आला. मामीनं त्यात पाणी भरायच्या आत मामांनी तो उचलून उन्हात नेला. दोन दिवसांनी ते झाकण हातात धरून बराच वेळ ओट्यावर बसून होते. मी विचारलं तर म्हणाले, नखांचा रंग काढायची बाटली असते ना, तसा वास हाय. आणि मग, हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं असावं, म्हणाले की ग्रामसभेत बोलावं लागेल.

काय पणाला लागलंय ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मामांना ड्रमातलं एवढं कसं कळतं, हा प्रश्न येणार. त्याचं खरं उत्तर दिलं तर मामीचं अध्यक्षपद, तिची आडवी बाटली, सगळंच सरपंचांच्या हातात जाणार. मी म्हटलं, मामा, कंपनीत शिकलो म्हणून सांगा. ते म्हणाले, कंपनीत काचेच्या बाटल्या व्हत्या. मी म्हटलं, मग गुरांच्या पाण्यासाठी ड्रम शोधत होतो म्हणा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खळीचा डबा आहे.

ग्रामसभा सकाळी, पंचायतीच्या पटांगणात. पुढच्या सतरंजीवर मामी आणि मंडळाच्या बायका. मामा ड्रम गडगडवत घेऊन आले, उभा केला आणि म्हणाले, "सरपंच, ह्यात आधी काय व्हतं?"

"हवा," सरपंच म्हणाले. सभा हसली.

मामांनी ड्रम उलटा केला आणि सांगितलं, बुडाला तिरकोन हाय, त्यात दोन आकडा हाय. वाक्य पुरं व्हायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, "दोन नंबर!" आणि सभा उठली. दोन नंबरचा माल फुकट म्हणून आमच्या गळ्यात मारता का, आमची पोरंबाळं दोन नंबरची का, एक म्हातारा काठी आपटत म्हणाला की मला पहिल्याच दिवशी शंका आली व्हती. पाच मिनिटांत सगळे ड्रम परत करायचा ठराव मांडला जाणार होता. सरपंचांचा चेहरा उतरला. आणि माझ्या, मामांच्या भाचीच्या, डोक्यात पत्रकाचं शीर्षक तयार झालं होतं: दोन नंबरचे ड्रम, दोन नंबरचा सरपंच. असं शीर्षक आयुष्यात एकदा येतं.

मामांनी फक्त गप्प बसायचं होतं. ते बसले नाहीत. दोन्ही हात वर करून म्हणाले, "आवो, तसलं दोन नंबर न्हाई. ही दोन नंबर चांगली जात हाय. ह्येच प्लास्टिक पाण्याला चालतं."

सभा बसली. सरपंच उभे राहिले. ते हसतच होते, कारण अशी संधी त्यांनाही एकदाच येणार होती. ते म्हणाले, मामाच सांगतायत, चांगली जात हाय, मग आता तक्रार काय उरली? मामा पूर्वायुष्याचं सांगू लागले, मुरण्याचं, उन्हात ठेवण्याचं, वासाचं. सरपंचांनी मध्येच अगदी मऊ आवाजात विचारलं, "मामा, सहा म्हयनं तुम्ही हायवेला ड्रम हुंगत फिरताय म्हंत्यात. कशाला लागत व्हता वो ड्रम?"

मामांनी मामीकडे बघितलं. तिला काहीच माहीत नव्हतं. ती नवरा चांगलं बोलतोय म्हणून ताठ बसली होती.

"बिअर करायला," मामा म्हणाले.

मागून हसण्याचा आवाज आला. मग तो थांबेना. सरपंचांनी डोळे पुसत विचारलं, किती काढली मग? मामा म्हणाले, काढली न्हाई अजून, भांडंच पास झालं न्हाई. त्यावर लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. त्या सभेत एवढं एकच खरं वाक्य होतं जे कुणालाच खरं वाटलं नाही.

मामी उठली. मला वाटलं निघून जाईल. ती पुढे आली, ड्रमाच्या काठावर हात ठेवला आणि म्हणाली, "ह्यांचं मी घरी बघते. सरपंच, तुम्ही सांगा, ह्यात काय व्हतं?"

सरपंचांना सांगता आलं नाही. कारखान्याला विचारून कळवतो म्हणाले. आजतागायत कळवलेलं नाही. निम्म्या बायकांनी ड्रम परत केले. निम्म्यांनी अजून दोनदा धुतले आणि पाणी भरलं. त्यांत आजही पाणी आहे.

घरी मामीनं काय बघितलं ते सांगते. ओरडली नाही. त्यांना समोर उभं करून सांगितलं की एवढं नाक आहे तर गावाच्या कामाला लावा. सहा दिवस मामा गरम पाण्याची किटली घेऊन दारोदार फिरले, ज्यांनी दार उघडलं त्यांचे ड्रम तपासले, खडूनं शेरे मारले. पोरं मागून "बिअरमामा" म्हणत चालायची. वासू हे नाव त्या आठवड्यात मेलं.

मग महिला मंडळाची सभा झाली. दारूबंदीच्या अध्यक्षबाईच्या रानात दारू, एवढाच विषय. मामी म्हणाली, केलीच नाही, थेंब नाही. बायका जमिनीकडे बघत होत्या. मग मामीनं माझ्याकडे बघितलं, कारण तोवर मामांनी तिला सांगितलं होतं की खोलीतली भांडी मी पाहिलीत, शिवलेलं पोतं पाहिलंय. मी बोलले असते तर पहिला प्रश्न आला असता, तुला कधीपासून माहीत होतं? मी कागदाकडे बघत राहिले. स्वतःला समजावत होते की हेतू हाही दोषच असतो, चळवळ माणसापेक्षा मोठी असते, असलं सगळं, जे मला झोपेतही लिहिता येतं. माझ्यापुढचा कागद मामीच्या राजीनाम्याचा होता. मसुदा माझ्या अक्षरात होता. "नैतिक जबाबदारी स्वीकारून" हे शब्द माझे. मामीनं तो एकदा वाचला, एका ऱ्हस्व-दीर्घाकडे बोट दाखवलं, आणि सही केली.

दोन महिन्यांनी मामा-मामी मुलाकडे भुसावळला राहायला गेले. गुडघ्याचं निमित्त होतं. मी दौंड स्टेशनवर पोचवायला गेले. मामी डब्यात जागा धरून बसली, मामा फलाटावर माझ्याबरोबर. मला माफी मागायची होती आणि ती येत नव्हती, म्हणून मी भलतंच विचारलं. म्हटलं, मामा, त्या दिवशी तुम्ही नुसते गप्प बसला असता तरी सगळे ड्रम गेले असते. मामी अध्यक्ष राहिली असती. लोक चुकीचं समजले होते, पण निकाल तर बरोबर लागत होता ना.

मामांनी विचार केला. ते कुठल्याही प्रश्नाचा विचार करायचे, अगदी माझ्यासुद्धा.

"उद्या कुणी खरंच चांगला, नवा, दोन आकड्याचा ड्रम आणला असता, तो लोकांनी फेकला असता," ते म्हणाले. "आन् कसला तरी एक आकड्याचा, कीटकनाशकाचा, तो एक नंबर म्हणून घरात घेतला असता. उत्तर बरोबर आलं पण कारण चुकलं, तर आमच्यात बॅच पास करीत न्हाईत, पोरी."

मामा डब्यात चढले आणि गाडी सुटली. मामीनं खिडकीतून हात केला, सगळ्यांना करतात तसा.

मला पुष्कळ दिवस लागले. मागच्या महिन्यात मंडळाच्या सभेत मी उभी राहिले आणि सांगितलं की मोटरीच्या खोलीत बिअरचा थेंबही नव्हता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि राजीनामा घेतला त्या दिवशीही मला ते माहीत होतं. बायकांनी ऐकून घेतलं. नव्या अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला, हळदीकुंकवाचा.

मी संध्याकाळी मामीला फोन करून सांगितलं. तिनं विचारलं, "इतिवृत्तात घेतलं का?"

घेतलं नव्हतं. पुढची सभा येत्या रविवारी आहे. मी लिहून नेणार आहे, एका पानात, आणि एकही विशेषण न घालता.